तालमींतील परंपरा व तिची चिकित्सा

‘चिकित्सा’ हा शब्द आपल्या भाषेंत दोन अर्थांनीं चालतो. वैद्य रोग्याची चिकित्सा करतो आणि संशोधक पोथीची चिकित्सा करतो. हे दोन्ही अर्थ जेथें सहज एकत्र यावेत असें स्थळ म्हणजे शाळेंतील आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा तास होय. परंतु त्या तासाला जें कांहीं सांगितलें जातें तें बहुतेक आज्ञार्थी असतें. हात वर, श्वास आंत, पाय जुळवा, ह्या आज्ञा तशाच असाव्यात हें युक्त आहे. पण अमुक आसन पांच सहस्र वर्षांचें आहे, तमक्या श्वसनानें रक्तांतील प्राणवायु वाढतो, अमुक कसरत साक्षात् मारुतीनें शिकविली, हीं विधानेंहि त्याच सुरांत व त्याच अधिकारानें मुलांच्या कानांवर घातलीं जातात. पहिल्या प्रकारच्या वाक्यांना प्रमाण लागत नाहीं. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांना लागतें. हा भेद विद्यार्थ्यास ओळखावयास लावणें म्हणजेच व्यायामाच्या वर्गांत चिकित्सक बुद्धीचें शिक्षण देणें, असा प्रस्तुत लेखकाचा अभिप्राय आहे. आणि त्यास लागणारें साहित्य आपल्याच पोथ्यांत व दप्तरांत किती आहे तें दाखविणें हा ह्या लेखाचा उद्देश.

बखरींच्या बाबतींत हा मार्ग आपण पूर्वींच चोखाळलेला आहे. इ. स. १८९८ मध्यें राजवाड्यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून समकालीन अस्सल पत्र आणि मागाहून लिहिलेली बखर ह्यांचें मोल सारखें धरूं नये हा दंडक महाराष्ट्रांत रुजत गेला, व इ. स. १९१० मध्यें पुण्यास स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळानें तो आपल्या कार्याचा पाया केला. ह्याचा अर्थ बखर अग्नींत टाकावी असा नव्हे. तींतील व्यक्ति, स्थळ, काल व सांगणाराचा हेतु हीं निरनिराळीं काढावीं, आणि ज्यास बाहेरून दुजोरा मिळेल तें ठेवावें, एवढाच त्याचा अर्थ. तालमींतील आख्यायिका ही बखरीचीच धाकटी बहीण आहे. फरक इतकाच कीं ती कागदावर नसून वस्तादाच्या तोंडीं असते, आणि ती ऐकणारा बहुधा बारा वर्षांचा मुलगा असतो.

मल्लखांबाची कथा घ्यावी. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारीं निजामाच्या मुलखांतून अली व गुलाब ह्या नांवांचे दोन पहिलवान आले. त्यांच्याशीं झुंजण्यास कोणी पुढें होईना. तेव्हां बाळंभटदादा देवधर ह्या तरुण ब्राह्मणानें मुदत मागून घेतली व वणीच्या सप्तशृंगीवर अनुष्ठान केलें. देवीच्या कृपेनें मारुतीनें दर्शन देऊन लांकडी खांबावर त्यास कुस्तीचे पेंच शिकविले. परत येऊन त्यानें गुलाबास चीत केलें आणि अलीनें माघार घेतली. थोड्याफार फरकानें ही कथा पुष्कळ आखाड्यांत सांगतात. हिच्यांतील मुख्य व्यक्तीविषयीं संशय घेण्याचें कारण दिसत नाहीं. बाळंभटदादांची शिष्यशाखा, विशेषतः कोंडभटनाना गोडबोले ह्यांचें नांव, परंपरेंत स्पष्टपणें चालत आलें आहे. बाजीरावाची कारकीर्द इ. स. १७९६ ते १८१८ पर्यंतची, म्हणजे कथेचा सांगाडा कालाच्या चौकटींत बसतो. राहिला मारुतीचा भाग. मारुती ही प्रत्येक तालमीची देवता, आणि विद्येचा उगम देवतेपाशीं नेऊन ठेवणें ही आपल्याकडील सर्वच कलांची रीत. ह्या अंशाचें ऐतिहासिक मोल येवढेंच कीं आपल्या गुरूनें ही विद्या कोणाहि मानवी गुरूपासून घेतली नाहीं असें शिष्यांना सांगावयाचें होतें. हा हेतु ओळखला म्हणजे पुढील प्रश्न आपोआप उभा राहतो: खांबावरील व्यायाम त्यापूर्वीं नव्हता काय?

तो होता. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें बाराव्या शतकाच्या दुसऱ्या पादांत रचलेल्या ‘मानसोल्लासा’ंत, म्हणजेच ‘अभिलषितार्थचिंतामणी’ंत, मल्लविनोद नांवाचें प्रकरण आहे. मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार, त्यांचा सराव ह्यांचें त्यांत वर्णन असून सरावाच्या प्रकारांत स्तंभावरील श्रमाचा समावेश होतो. हा ग्रंथ श्रीगोंदेकरांनीं संपादून बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत प्रसिद्ध केला व त्याचा पहिला भाग इ. स. १९२५ मध्यें बाहेर आला. तेव्हां बाळंभटदादांनीं ही विद्या निर्माण केली ह्यापेक्षां तिचें पुनरुज्जीवन केलें असें म्हणणें अधिक सयुक्तिक होय.

येथें मात्र उलट बाजूनेंहि सावध राहिलें पाहिजे. मल्लविनोदाचा शोध लागल्यापासून आपल्या व्यायामविषयक पुस्तकांत ‘मल्लखांबाची नऊशें वर्षांची अखंड परंपरा’ असें लिहिण्याची वहिवाट पडली आहे. ह्यांतील ‘अखंड’ हा शब्द कशाच्या आधारावर? सोमेश्वराचा स्तंभ जमिनींत पुरलेला होता कीं टांगलेला, त्यावर पकडी होत कीं नुसतें चढणें उतरणें, हें एका शब्दावरून निघत नाहीं. आणि सोमेश्वर व बाजीराव ह्यांच्यामध्यें साडेसहाशें वर्षांहून अधिक अंतर आहे. शब्द एक राहतो आणि वस्तु पालटते, असें इतिहासांत वारंवार होतें. मारुतीची कथा जशीच्या तशी घेणारा आणि मल्लविनोदावरून अखंडत्व काढणारा, ह्या दोघांची चूक एकाच जातीची आहे. दुसऱ्याच्या हातांत छापील ग्रंथ असतो एवढेंच.

ह्याच गायकवाड मालेंत इ. स. १९६४ मध्यें सांडेसरा व मेहता ह्यांनीं ‘मल्लपुराण’ प्रसिद्ध केलें. मोढेऱ्याच्या ज्येष्ठीमल्लांचा हा ग्रंथ. त्यांत मल्लांच्या श्रमांचे जे सोळा प्रकार सांगितले आहेत त्यांत रंगश्रम म्हणजे प्रत्यक्ष झुंज आहे, स्तंभश्रम आहे, जलश्रम आहे, जेवणानंतरचें फिरणें आहे, आणि ह्या सर्वांच्या पंक्तीस ‘ऊहापोहश्रम’ हाहि बसविलेला आहे. हा शब्द वाचून प्रस्तुत लेखकास जेवढें कौतुक वाटलें तेवढें इतर पंधरांतील एकाहि शब्दानें वाटलें नाहीं. डावपेंचांची आपसांत चर्चा करणें, कोणता पेंच कां लागला व कोणता कां सुटला ह्याचा काथ्याकूट करणें, ह्यास ग्रंथकारानें करमणूक किंवा विश्रांति म्हटलेलें नाहीं. ‘श्रम’ म्हटलें आहे. जोर काढण्यानें जसा दंड तयार होतो तसें ह्या चर्चेनें कांहीं तरी तयार होतें असा त्याचा भाव दिसतो. ऊह म्हणजे तर्कानें पुढें जाणें व अपोह म्हणजे न टिकणारें बाजूस सारणें. व्यायामशाळेंत विचार करण्यास शिकविणें ही कल्पना पश्चिमेकडून आली असें ज्यांस वाटतें त्यांनीं हा एक शब्द लक्षांत ठेवावा.

वैद्यकाच्या बाजूनेंहि हेंच दिसतें. चरकानें सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायांत आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ति अशा चार परीक्षा सांगितल्या आहेत, व विमानस्थानांत तद्विद्यांच्या संभाषेचें, म्हणजे त्याच विषयाच्या जाणकारांनीं परस्परांशीं करावयाच्या वादाचें, सविस्तर विवेचन केलें आहे. आप्तोपदेश चारांतील एक आहे. चारहि त्याच्याच हातीं दिलेल्या नाहींत. व्यायामाविषयीं सुश्रुताचा नियम सर्वश्रुत आहे, कीं तो बलाच्या अर्ध्यानें करावा. आणि अर्धें बल खर्च झालें हें ओळखावें कसें त्याचें लक्षणहि तो देतो: हृदयस्थ वायु मुखाशीं येऊं लागणें, म्हणजे श्वास तोंडावाटे घ्यावा लागणें. ज्याचें त्यानें स्वतःच्या शरीरावर ताडून पाहण्यासारखें हें लक्षण आहे. चरकहि अतिव्यायामानें तृष्णा, कास, ज्वर, छर्दि इत्यादि विकार होतात असें बजावतो. पुढें आपल्या तालमींत जोर व बैठका ह्यांचे हजारांचे आंकडे हेंच भूषण होऊन बसलें, तेव्हां सुश्रुताचें लक्षण मागें पडलें व वस्तादाची संख्या पुढें आली. आंकडा सर्वांस एकच; लक्षण मात्र ज्याचें त्याचें. हा फरक लहान नाहीं, कारण आंकड्यापायीं इजा होते ती अशक्त मुलास, व त्यास ती आपलीच उणीव वाटते.

सूर्यनमस्कारांचें प्रकरण ह्याहून गुंतागुंतीचें आहे. औंधचे अधिपति भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८ ते १९५१) ह्यांनीं ह्या व्यायामाचा जेवढा प्रसार केला तेवढा दुसऱ्या कोणीहि केला नसेल. प्रथम कांहीं वर्षें ते सँडोच्या पद्धतीनें व्यायाम करीत. पुढें नमस्कारांकडे वळले. संस्थानच्या शाळांतून त्यांनीं ते सुरू केले, मराठी व इंग्रजींत पुस्तकें लिहिलीं, आणि इ. स. १९३८ मध्यें दहा अवस्थांच्या ह्या व्यायामावरील त्यांचें पुस्तक लंडनमध्यें प्रसिद्ध झालें. आतां ह्याच गृहस्थांचें दुसरें कार्य पाहावें. महाभारताची आवृत्ति काढण्याची सूचना इ. स. १९१८ मध्यें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरापुढें त्यांनींच मांडली व तीसाठीं एक लक्ष रुपयांचें साहाय्य देऊं केलें. ठिकठिकाणच्या प्रती जमवून, पाठ ताडून, प्रक्षिप्त श्लोक तळटीपेंत घालणारी जी चिकित्सक आवृत्ति पुढें सुखठणकरांच्या हातून आकारास आली तिच्या मुळाशीं औंधचा हात आहे. एकाच मनुष्यानें महाभारतास चिकित्सा लावण्यास द्रव्य दिलें, आणि नमस्कारांच्या बाबतींत मात्र प्राचीनत्व व रोगनिवारण ह्यांविषयींचीं मोठमोठीं विधानें श्रद्धेनें केलीं. ह्यांत त्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. व्यायामाच्या क्षेत्रांत चिकित्सा करावयाची असते हेंच तेव्हां कोणास सुचलेलें नव्हतें, हें त्यावरून दिसतें.

ती करूं गेल्यास पहिला प्रश्न शब्दाचा येतो. समर्थ रामदास रोज बाराशें सूर्यनमस्कार घालीत असें सर्वत्र सांगतात. हे नमस्कार म्हणजे सूर्यास मंत्रपूर्वक घातलेले साष्टांग दंडवत कीं औंधच्या पुस्तकांतील दहा अवस्था? दंडवत हा उपासनेचा प्रकार आहे व तो निःसंशय जुना आहे. दहा अवस्थांचा क्रम हा व्यायामाचा प्रकार आहे व त्याचें जुनेपण स्वतंत्रपणें सिद्ध व्हावें लागतें. ह्या संबंधांत हठप्रदीपिकेवरील ब्रह्मानंदाच्या ‘ज्योत्स्ना’ टीकेंतील उल्लेख फार महत्त्वाचा आहे. ही टीका एकोणिसाव्या शतकांतील. हठाभ्यास करणारानें आरंभीं कायक्लेश टाळावे असें मुळांत आहे; त्या कायक्लेशाचें उदाहरण म्हणून टीकाकार पुष्कळ सूर्यनमस्कार घालणें व जड ओझीं वाहणें हीं देतो. ह्यावरून दोन गोष्टी निघतात. सूर्यनमस्कार पुष्कळ संख्येनें घालण्याचा प्रघात औंधच्या पूर्वींचा आहे, व तो शरीरास कष्ट देणारा म्हणून ओळखला जात होता, ही एक. आणि निदान ह्या टीकाकाराच्या मतें तो योगाभ्यासाचा भाग तर नव्हताच, उलट साधकानें टाळण्याची गोष्ट होता, ही दुसरी. आज योग व सूर्यनमस्कार हे शब्द जोडीनें उच्चारले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या इ. स. २०१४ च्या ठरावानुसार २०१५ पासून दर वर्षीं २१ जून रोजीं योगदिन साजरा होतो तेव्हां शाळाशाळांतून ही जोडी दिसते. त्या दिवशीं ज्योत्स्नेंतील ही ओळ एखाद्या शिक्षकानें वर्गास वाचून दाखविली तर मुलें नमस्कार सोडून देतील असें नाहीं. जुन्या ग्रंथांतहि मतभेद असतात एवढें त्यांस कळेल, आणि तें कळणें थोडें नव्हे.

इतका वेळ प्रश्न प्राचीनत्वाचा झाला. फलाविषयींच्या विधानांची चिकित्सा पोथीनें होत नाहीं. तिला उपकरण लागतें. हें काम आपल्याकडे कोणीं पहिल्यानें नेटानें हातीं घेतलें तें सांगितलें पाहिजे. जगन्नाथ गणेश गुणे, जे पुढें स्वामी कुवलयानंद ह्या नांवानें प्रसिद्ध झाले, त्यांचा जन्म इ. स. १८८३ मध्यें डभोईस झाला. व्यायामविद्या ते बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरांत प्रो. माणिकराव ह्यांच्यापाशीं शिकले, योग मालसरच्या परमहंस माधवदासजींपाशीं शिकले, आणि अमळनेरास शिक्षकाचा पेशा केला. तालीम, मठ व शाळा ह्या तिन्हींचा असा संयोग विरळा. इ. स. १९२४ मध्यें त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें व त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें इंग्रजी त्रैमासिक सुरू केलें. ह्या त्रैमासिकाची मांडणीच पाहण्यासारखी आहे. प्रयोगाचे वृत्तांत आणि सामान्य वाचकांसाठीं लिहिलेले लेख ह्यांचे विभाग त्यांत वेगवेगळे ठेवलेले आहेत, म्हणजे कोणतें विधान कोणत्या प्रतीचें हें वाचणारास स्थळावरूनच कळावें.

त्यांच्या दोन तपासण्या येथें शेजारीं ठेवतों. बस्तीच्या क्रियेंत साधक पाण्यांत बसून नौली करतो व पाणी आंत ओढलें जातें, असें परंपरा सांगते. कुवलयानंदांनीं दाबमापक नळी लावून पाहिलें, तेव्हां नौलीच्या वेळीं आंतड्यांतील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून खालीं जातो असें आढळलें. परंपरेनें सांगितलेली घटना खरी ठरली, व तिचें कारण स्पष्ट झालें. ह्या अंशतः निर्वात अवस्थेस त्यांनीं आपल्या गुरूचें नांव देऊन ‘माधवदास व्हॅक्यूम’ असें म्हटलें; गुरुभक्ति नांवांत राहिली, मोजणींत शिरली नाहीं. दुसरी तपासणी प्राणायामाची. प्राणायामानें शरीरास नेहमीपेक्षां अधिक प्राणवायु मिळतो व त्यामुळेंच त्याचे सर्व लाभ होतात, असें तेव्हांहि म्हणत व आजहि म्हणतात. कुवलयानंदांनीं श्वासांतील वायूंचें मापन करविलें व ही समजूत निराधार आहे असें स्वच्छ लिहून टाकलें. प्राणायामाचें मोल त्यांनीं नाकारलें नाहीं. तें प्राणवायूच्या मापांत शोधूं नये, एवढें सांगितलें. स्वतः योगाचा प्रचारक असून योगाच्या बाजूचें सर्वांत लोकप्रिय कारण स्वतःच्याच मासिकांतून खोडून काढणें ही गोष्ट सोपी नव्हे.

शरीरशास्त्राप्रमाणेंहि हें ठीकच आहे. निरोगी मनुष्याच्या रोहिणींतील रक्त शांतपणें श्वास घेतांनाच प्राणवायूनें जवळजवळ पूर्ण भरलेलें असतें. त्यांत अधिक भर घालण्यास जागा फारशी नसते. जोरजोरानें श्वास घेतल्यास रक्तांतील कर्बवायु मात्र कमी होतो, आणि भस्त्रिका करतांना मुलांस घेरी येते ती त्यामुळें. ती घेरी ‘शक्ति जागृत झाल्याचें’ चिन्ह म्हणून सांगणारे शिक्षक आहेत. येथें एक मराठीपुरती गोष्ट नमूद करण्याजोगी वाटते. ऑक्सिजन ह्या वायूस आपण ‘प्राणवायु’ हें नांव दिलें. जुन्या ग्रंथांतील प्राण हा पंचवायूंपैकीं एक. त्याचा ह्या रासायनिक द्रव्याशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु नांव एक झाल्यामुळें प्राणायाम म्हणजे प्राणवायूचा व्यायाम असें वाटणें मराठी मुलास इतकें स्वाभाविक झालें आहे कीं त्यास शंकाच येत नाहीं. परिभाषा करणारांनीं केलेल्या एका भाषांतराचा हा परिणाम आहे.

लोणावळ्याच्या ह्या कार्याची कीर्ति बाहेर गेली. येल विद्यापीठाचे कोवूर बेहानन येथें येऊन अभ्यास करून गेले व त्यांचें पुस्तक इ. स. १९३७ मध्यें निघालें. कुवलयानंदांचा मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणाच्या योजनेशीं निकट संबंध आला. कांदिवलीची शारीरिक शिक्षणाची शिक्षणसंस्था १९३८ ची. परंतु वर्गांत काय पोंचलें? वर्गासाठीं त्यांनीं जें लिहिलें तें ‘यौगिक संघ व्यायाम’, म्हणजे अनेकांनीं एका वेळीं हुकमावर करावयाच्या क्रिया. प्रयोग प्रयोगशाळेंत राहिले आणि हुकूम शाळेंत गेले. शीर्षासन कोणीं करूं नये, वाहता कान, अधू डोळे, रक्तदाबाचा विकार असलेल्यांनीं काय जपावें, ह्या त्यांच्या पुस्तकांतील सूचनाहि पुष्कळ ठिकाणीं गळल्या. फलश्रुति तेवढी टिकली. इ. स. १९३६ ते १९४९ ह्या अवधींत दत्तात्रय चिंतामण मुजुमदार ह्यांनीं बडोद्यास दहा खंडांत पुरा केलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ हें अजस्र काम आहे, व माहितीची ती खाण आहे. पण त्यांतहि ग्रंथाधार, तालमींतील ऐकीव माहिती आणि संपादकाचा उत्साह हीं एकाच पानावर नांदतात, व वाचणारानें तीं निवडून घ्यावीं लागतात.

पोथीकडे पुन्हां वळण्याचें कारण असें कीं, चिकित्सा करणारांचीहि चिकित्सा पोथीच करते, ह्याचें उत्तम उदाहरण आपल्या पुण्यांतच आहे. म्हैसूरचे कृष्णमाचार्य हे आधुनिक आसनशिक्षणाचे मोठे आचार्य. त्यांच्या शिष्यपरंपरेंत असें सांगतात कीं, एका आसनांतून दुसऱ्यांत जाण्याचा त्यांचा क्रम ‘योगकोरुंट’ नामक प्राचीन ग्रंथांतील असून ती पोथी कलकत्त्यास मिळाली व पुढें मुंग्यांनीं खाल्ली. पोथ्या जमविणारास मुंग्यांची ही कथा ऐकून हंसूं आल्याखेरीज राहणार नाहीं. ज्या ज्या पोथीची गरज सर्वांत अधिक ती ती कोणी तरी खाल्लेली असते. पुढें इ. स. २०१० मध्यें मार्क सिंगलटन ह्यांनीं असा पक्ष मांडला कीं, आजच्या योगवर्गांतील आसनांचें प्राधान्य जुन्या हठग्रंथांत आढळत नसून विसाव्या शतकांतील आंतरराष्ट्रीय व्यायामचळवळीच्या संपर्कानें तें घडलें. पक्ष साधार होता व पुष्कळांस पटला. परंतु भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहांत कपालकुरंटक ह्याच्या ‘हठाभ्यासपद्धती’ची पोथी होती. ग्रंथ अठराव्या शतकांतील असावा असें अभ्यासकांचें मत आहे. तींत ११२ आसनें सांगितलीं असून त्यांचे उताणीं, पालथीं, स्थिर, उभीं, दोरीवरचीं इत्यादि गट आहेत. कित्येक आसनें स्थिर बसण्याचीं नसून पुनःपुन्हां हालचाल करावयाचीं आहेत, आणि आसनांनीं शरीर दृढ झाल्यावर षट्कर्मांकडे वळावें असा क्रम आहे. म्हैसूरच्या मुम्मडि कृष्णराज वडेयरांच्या ‘श्रीतत्त्वनिधी’ंतील सचित्र आसनांशीं तिचें नातें स्पष्ट आहे. जेसन बर्च व स्वतः सिंगलटन ह्या दोघांनीं मिळून इ. स. २०१९ मध्यें ह्या पोथीवर विस्तृत निबंध लिहिला. पूर्वींचा पक्ष त्यामुळें सर्वस्वीं कोसळला नाहीं, पण त्यास मुरड घालावी लागली. आणि ती मूळ लेखकानेंच घातली. कुरंटक व कोरुंट ह्या नांवांतील साम्य कोणाच्याहि डोळ्यांत भरेल. त्यावरून ही तीच मुंग्यांनीं खाल्लेली पोथी असें मात्र म्हणतां येत नाहीं. नामसाम्यावर इतिहास उभारण्याची हौस आपणांस महाग पडलेली आहे.

दोरीवरील आसनांचा गट आमच्या विषयाच्या दृष्टीनें विशेष लक्ष देण्याजोगा आहे. अठराव्या शतकांत हठयोगी दोरीवर चढत होते व दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं मल्ल खांबावर. तालमींतला मल्ल आणि मठांतला योगी ह्यांच्यांत देवघेव झाली असेल काय, हा प्रश्न आतां नुसत्या कल्पनेचा राहिलेला नाहीं. तो सोडविण्याचें साधन वस्तादांच्या वह्यांत असूं शकेल.

व्यायामाच्या वर्गांत हें सर्व कसें न्यावें, अशी शंका शिक्षकवर्गांतून येते. तींतील एक अंश खरा आहे. मुलगा मल्लखांबावर उलटा लटकत असतांना वस्ताद ‘पकड सोडूं नको’ म्हणाला तर प्रमाण विचारण्याची ती वेळ नव्हे. तेथें आज्ञापालन हाच धर्म. पण मुलगा खालीं उतरून घाम पुसूं लागला म्हणजे ऊहापोहश्रमाची वेळ येते. त्या वेळीं त्यास आपली नाडी मोजूं द्यावी. व्यायामापूर्वींची, लगेच नंतरची व थोड्या वेळानंतरची, अशी तीनदां मोजून लिहून ठेवूं द्यावी. शेजाऱ्याची व आपली संख्या कां जुळत नाहीं ह्यावर त्यांस वाद घालूं द्यावा. सुश्रुताचें अर्धशक्तीचें लक्षण आपणांस कितव्या बैठकीस दिसलें तें पाहूं द्यावें. आणि शिक्षकानें एखादें फल सांगितलें तर, हें कोठें लिहिलें आहे, कोणीं मोजलें आहे, व मोजलें तेव्हां किती जणांवर, हे प्रश्न विचारण्याची मुभा असावी. शिक्षकास उत्तर येत नसल्यास त्यानें तसें म्हणावें. श्रद्धा ढळेल अशी भीति कित्येकांस वाटते. कुवलयानंदांची ढळली नाहीं. बेचाळीस वर्षें, म्हणजे इ. स. १९६६ मध्यें देहावसान होईपर्यंत, ते त्याच आश्रमांत तीच साधना करीत राहिले. ढळते ती फलश्रुति, व ती ढळल्यानें कोणाचें नुकसान झाल्याचें दिसत नाहीं. उलट घेरी आलेल्या मुलास थांबावें हें कळतें.

आतां संग्राहकांकडे वळतों. व्यायामाच्या इतिहासाचीं अस्सल साधनें आपण अद्याप साधनें म्हणून ओळखलेलींच नाहींत. सनदा, महजर, वंशावळी आपण जपतों. तालमीची हिशेबवही, पेंचांच्या नांवांची यादी, शिष्यांची नांवनिशी, कुस्त्यांच्या फडाचीं पत्रकें, एखाद्या वस्तादानें स्वतःपुरती लिहून ठेवलेली खुराकाची टिपणें हीं रद्दींत जातात, कारण त्यांचा कागद हलका, अक्षर वाईट व भाषा बोलीची असते. पेशवे दप्तरांतील पहिलवानांच्या नेमणुका व बिदाग्या ह्या दृष्टीनें निवडून काढल्यास बाळंभटदादांच्या काळच्या पुण्यांत कोण कोठून आला व कोणास काय मिळालें ह्याचा पत्ता लागण्याचा संभव आहे. अली व गुलाब हीं नांवें तेथें आढळलीं तर उत्तमच, न आढळलीं तर तेंहि नोंदवावें. ज्यांचे संग्रहीं अशा वह्या असतील त्यांनीं त्या कोणत्या तालमींतून, कोणाकडून व केव्हां मिळाल्या हें पहिल्या पानास वेगळी चिठी लावून लिहावें, मूळ पानावर कांहीं लिहूं नये. व खांब, दोरी, वेत ह्यांवरील पकडींचीं नांवें जशींच्या तशीं, शुद्ध न करतां, उतरून घ्यावीं. ‘हठाभ्यासपद्धती’ंतील दोरीच्या आसनांशीं तीं ताडून पाहावयाचीं आहेत.